बाबांच्या डोळ्याच्या पडद्यातली शीर तुंबली आहे – ऑपरेशन करून मोकळी करता येते का?

तवंदीघाट · ८ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले. बाबा ६४ वर्षांचे, तंबाखूची शेती. गेल्या सोमवारी सकाळी उठले आणि म्हणाले, "उजव्या डोळ्यानं तुझं तोंड दिसतंय, पण गळ्याखालचं सगळं धुरात गेलंय." आम्हाला वाटलं तंबाखूची धूळ गेली असेल. पाण्याचे हबके मारले, दोन दिवस गुलाबपाणी घातलं. तिसऱ्या दिवशी बेळगावात नेलं. थेंब घालून बाहुली मोठी केली, मग पडद्याचा ओसीटी स्कॅन काढला. डॉक्टर म्हणाले, पडद्याच्या वरच्या बाजूच्या शिरेची एक फांदी बंद झाली आहे, मध्यभागी सूज आली आहे, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. आधी तीन महिने, महिन्याला एक, मग पुढचं बघू. बीपी मोजलं तर १९० वर ११०. बाबांनी बीपीच्या गोळ्या दिवाळीपासून बंद केल्या होत्या आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता.

आता घरात दोन तट पडलेत. मुंबईचे मामा म्हणतात, इंजेक्शनं म्हणजे वरवरची मलमपट्टी. शीर तुंबली असेल तर ऑपरेशन करून मोकळी करा, हृदयाची करतात तशी. बाबांनाही तेच पटलंय. "एकदाच काय ते कापा आणि सोडा, दर महिन्याला डोळ्यात सुई नको," म्हणतात. शीर मोकळी करायचं असं ऑपरेशन खरंच असतं का? कुणी करून घेतलंय का? बेळगाव, कोल्हापूर, मिरज, हुबळी, कुठंही न्यायची तयारी आहे.

खानापूरची_लेक · ८ जानेवारी, रात्री १०:०४

आधी इंजेक्शनची तारीख घ्या, मग चर्चा. कळकळीनं सांगते आहे. सविस्तर उद्या लिहिते.

उसाचा_फड · ८ जानेवारी, रात्री १०:११

१९० वर ११०? डोळ्याच्या आधी ते खाली आणा की ओ. फिजिशियनला दाखवलासा काय?

तवंदीघाट · ८ जानेवारी, रात्री १०:३०

हो, त्याच दिवशी दाखवलं. गोळी सुरू केली आहे, साखर आणि कोलेस्टेरॉलही तपासलं. साखर काठावर आहे. गोळ्यांचा डबा आता आईच्या ताब्यात.

निवृत्त_नेत्रसहायक · ९ जानेवारी, सकाळी ६:४५

मी डॉक्टर नाही. सरकारी दवाखान्यांत नेत्रसहायक म्हणून ३१ वर्षं काढली, चिकोडी आणि हुक्केरी तालुक्यांत. तुमच्या मामांनी विचारलेला प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे आणि तो चांगला प्रश्न आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

पडद्यात रक्त आणणारी ती रोहिणी आणि परत नेणारी ती नीला. ह्या दोघी जिथं एकमेकींना ओलांडतात तिथं त्यांच्यावर एकच आवरण असतं, एकाच चरात गाडलेल्या दोन पाइपांसारखं. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं राहिलं की रोहिणीची भिंत कडक आणि जाड होते आणि खालच्या मऊ नीलेला दाबते. तिथं रक्त रेंगाळतं, गुठळी धरते. बाबांचं असंच झालेलं असणार. मुख्य शीरच बंद झाली तर तो वेगळा आणि जास्त वाईट प्रकार. ती डोळ्याच्या मागं नस जिथून बाहेर पडते तिथल्या अरुंद जाळीत अडते.

बाबांना खालचं का दिसत नाही, तर पडद्यावर चित्र उलटं पडतं. वरची फांदी बंद, म्हणून खालचं गेलं.

आता इंजेक्शन काय करतं? पाट तुंबला की बांधावरून पाणी शेतात पसरतं, तसं नीला तुंबली की मागच्या बारीक केशवाहिन्यांतून पाणी आणि रक्त पडद्यात झिरपतं. त्यातच उपाशी राहिलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं एक द्रव्य सोडायला लागतो, त्यानं वाहिन्या आणखीच झिरपतात. इंजेक्शन त्या द्रव्याला बांधून ठेवतं. झिरपणं थांबतं, सूज उतरते, नजर सुधारते. औषधाचा असर महिना-दीड महिन्यात ओसरतो म्हणून परत द्यावं लागतं. दरम्यानच्या काळात शरीर स्वतः आडवाटेनं नव्या जोडवाहिन्या तयार करतं. त्यांना वेळ मिळवून देणं हे इंजेक्शनचं काम. त्याला मलमपट्टी म्हणणं बरोबर नाही.

मामांच्या ऑपरेशनबद्दल दुपारी लिहितो, बाजाराला जायचं आहे.

चंदगडी_वारा · ९ जानेवारी, सकाळी ८:२०

काका, पाट आणि बांध हे उदाहरण वाचून मला माझ्याच आजाराचं पहिल्यांदा कळलं. दोन वर्षं फाईल घेऊन फिरतोय.

खानापूरची_लेक · ९ जानेवारी, सकाळी ११:१५

काल म्हटलं तसं लिहिते. लिहायला जड जातंय.

माझ्या आईची मुख्य शीर बंद झाली, डाव्या डोळ्याची. फांदी नव्हे, पूर्ण. आम्ही जवळच्याच एका दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही. त्यांनी थेंब दिले आणि सांगितलं, "नस बंद झाली, आता काही होत नाही, तीन महिन्यांनी या." आम्ही गावची माणसं, डॉक्टर म्हणाले काही होत नाही म्हणजे होत नाही. भाताची कापणी होती, मग लग्नं होती. तीन महिने पुरे व्हायच्या आत एका रात्री आईचा तो डोळा लाल झाला, डोकं फुटायची वेळ, उलट्या. बेळगावला नेलं तर डोळ्याचा दाब ५० च्या पुढं. बुबुळाच्या रंगीत भागावर नव्या केशवाहिन्या उगवून दाबाचा निचरा बंद झाला होता. तिथले डॉक्टर म्हणाले, याला शंभर दिवसांचा काचबिंदू म्हणतात, मुख्य शीर बंद झालेल्यांत तीन महिन्यांच्या आसपास तो गाठतो, म्हणून दर महिन्याला बघावं लागतं. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

लेझर केलं, इंजेक्शन दिलं, शेवटी दाब उतरवायला वॉल्व बसवायचं ऑपरेशन केलं. दुखणं थांबलं. नजर आली नाही. आई आता त्या बाजूनं कुणी आलं की दचकते.

दादा, म्हणून सांगते. ऑपरेशन शोधण्यात महिना घालवू नका.

तवंदीघाट · ९ जानेवारी, दुपारी १२:०२

ताई, वाचून हात थांबले. शुक्रवारची तारीख आत्ताच फोन करून घेतली.

वडगावचा_विणकर · ९ जानेवारी, दुपारी १:१०

माफ करा, पण ऑपरेशन शोधूच नका असं कसं? आमच्या थोरल्या काकांचं हेच झालेलं, पडद्याची शीर बंद. मिरजेला ऑपरेशन केलं आणि काकांना दिसायला लागलं. आज मागावर बसून धाग्याची गाठ मारतात. डोळ्यांदेखत बघितलेलं खोटं कसं म्हणू?

उसाचा_फड · ९ जानेवारी, दुपारी १:२५

मग काकांचंच खरं असणार. नेत्रसहायक काका, उत्तर द्या आता.

निवृत्त_नेत्रसहायक · ९ जानेवारी, दुपारी ४:३०

विणकरभाऊ, तुम्ही बघितलेलं खरंच आहे. एक विचारतो. ऑपरेशनच्या आधी काकांना डोळ्यासमोर काळे कोळ्याचे जाळे, मग एकदम सगळा अंधार, असं झालं होतं का?

वडगावचा_विणकर · ९ जानेवारी, संध्याकाळी ५:००

होय होय. शीर बंद झाल्यावर वर्षभरानं. सकाळी चहा पिताना काजळ सांडल्यासारखं दिसलं म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत हातसुद्धा दिसेना.

निवृत्त_नेत्रसहायक · ९ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

मग उलगडा झाला. काकांची शीर कुणी मोकळी केली नाही. शीर बंद झाल्यावर उपाशी पडद्यावर नव्या, कच्च्या भिंतीच्या वाहिन्या उगवल्या, त्या फुटल्या आणि डोळ्याच्या पोकळीतल्या पारदर्शक जेलीत रक्त उतरलं. ती रक्ताळलेली जेली काढून टाकायचं ऑपरेशन म्हणजे व्हिट्रेक्टॉमी. बुबुळाच्या कडेला तीन बारीक भोकं पाडून करतात. रक्त निघालं, उजेड आत गेला, काकांना दिसलं. शीर बंद झालेल्यांसाठी आज नेहमी होणारं ऑपरेशन हेच: रक्त बरेच दिवस विरघळलं नाही, किंवा पडदा ओढला जाऊन सुटायला लागला, तर.

आता मामांचं ऑपरेशन. असे प्रयत्न झाले आहेत आणि भल्या बुद्धीच्या लोकांनी केले आहेत.

१९८८ साली ऑस्टरलोह आणि चार्ल्स या अमेरिकन सर्जननी एका रुग्णाच्या डोळ्यात शिरून रोहिणी-नीलेच्या ओलांडणीवरचं ते सामाईक आवरण कापलं आणि रोहिणी अलगद उचलून नीलेवरचा दाब काढला. शीथॉटॉमी म्हणतात. बाबांच्या प्रकाराला लागू पडेल असं हेच. त्या रुग्णाची नजर सुधारली, पुढं अनेकांनी केलं. पण सुधारणा आवरण कापल्यामुळं की त्यासाठी आधी जेली काढल्यामुळं, हे वेगळं काढता येईना, आणि त्या जागी रक्तस्राव होण्याचा, पडदा फाटण्याचा धोका राहिला.

१९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला मॅकअ‍ॅलिस्टर आणि कॉन्स्टेबल यांनी लेझरनं नीलेला भोक पाडून तिचं रक्त पडद्याखालच्या रक्तवाहिन्यांच्या थरात वळवलं, म्हणजे तुंबलेल्या पाटाला दुसरा चर काढून दिला. हे मुख्य शिरेसाठी. जिथं जमलं तिथं उपयोग झाला, पण प्रत्येक वेळी जोड धरत नसे आणि नको तिथं वाहिन्या वाढून बसत.

२००१ मध्ये ओप्रेमकॅक यांनी ११ रुग्णांवर केलेलं ऑपरेशन छापून आलं: डोळ्याची नस बाहेर पडते तिथल्या कड्याला आतून बारीक पात्यानं चीर देऊन मुख्य शिरेवरचा आवळ सैल करायचा. जगभर उत्साह होता. मग दिसून आलं की चीर शेजारच्या नसेच्या तंतूंना लागली तर नजरेचा एक तुकडा कायमचा जातो. मागं पडलं.

आणखी एक, शिरेतच सुई घालून गुठळी विरघळवणारं औषध सोडायचं. हे १९९८ पासून वाइस यांनी करून बघितलं. आता ध्यानात घ्या, हृदयाची रोहिणी ३ मिलिमीटरच्या आसपास, तिच्यात फुगा आणि स्टेंट जातो. पडद्याची शीर ०.१ मिलिमीटरच्या आसपास, माणसाच्या केसाइतकी. सर्जनचा हात कितीही स्थिर असला तरी त्याहून जास्त थरथरतो. म्हणून २०१७ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनला यंत्रहाताच्या मदतीनं ही सुई पहिल्यांदा माणसाच्या शिरेत घातली गेली. सुई जाते, औषधही सोडता येतं, एवढं सिद्ध झालं. रोजच्या उपचारात ते आलेलं नाही.

तर मामांना सांगा, त्यांच्या डोक्यात आलं ते मोठमोठ्या सर्जनांच्याही डोक्यात आलं होतं. करून बघितलं आणि इंजेक्शन त्यापुढं गेलं. शिवाय शीर मोकळी झाली तरी मेलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून सूज लवकर उतरवणं जास्त महत्त्वाचं.

चंदगडी_वारा · ९ जानेवारी, संध्याकाळी ७:४०

इंजेक्शन पुढं गेलं म्हणजे किती?

निवृत्त_नेत्रसहायक · ९ जानेवारी, रात्री ८:२०

आकडे देतो. १९८४ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीनं दाखवलं की फांदी बंद असलेल्यांच्या सुजेवर लेझर दिल्यावर तीन वर्षांत ६५ टक्के लोकांची नजर तक्त्यावर दोन ओळी सुधारली, न दिलेल्यांत ३७ टक्क्यांची. माझ्या नोकरीतली निम्मी वर्षं लेझरच चालला. मुख्य शिरेच्या सुजेवर मात्र लेझरनं नजर सुधारत नाही हे १९९५ मध्ये कळलं. त्या लोकांना आम्ही काही देऊ शकत नसू. ते तोंडावर सांगताना जीव तुटायचा.

२०१० मध्ये रॅनिबिझुमॅब या इंजेक्शनच्या औषधाच्या दोन चाचण्या आल्या. फांदीवाल्यांना सहा महिन्यांत सरासरी १८.३ अक्षरं जास्त वाचता आली, तुलनेसाठी नुसतं खोटं इंजेक्शन दिलेल्यांना ७.३. मुख्य शीरवाल्यांना १४.९, आणि खोट्यावर ०.८. तक्त्याची एक ओळ म्हणजे ५ अक्षरं. खोट्यावरच्या ७.३ कडेही बघा, फांदीचा प्रकार काही जणांत आपोआप थोडा सुधारतो. काहींची मध्यभागी सूजच नसते, त्यांना नुसतं लक्ष ठेवून सांभाळतात.

कुंद्याची_गल्ली · ९ जानेवारी, रात्री ९:०५

मला नऊ इंजेक्शनं झाली आहेत, तवंदीघाट, बाबांना माझं सांगा. मी ५८ वर्षांची बाई आहे आणि लस टोचायला आलेल्या नर्सला बघून लहानपणी माळ्यावर चढणारी होते.

आधी सुन्न करायचे थेंब घालतात, दोन-तीन वेळा. मग पापण्यांवर आणि डोळ्यात तांबडं-पिवळं आयोडीनचं औषध, त्यानं जरा चरचरतं, सगळ्यात वाईट भाग तोच. तोंडावर कापड, पापण्या उघड्या ठेवायला छोटी क्लिप. "वर बघा" म्हणतात आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात, कडेला टोचतात. बोटानं दाबल्यासारखं वाटतं. सुई दिसत नाही! मला वाटायचं समोरून येताना दिसणार. एकूण पाच मिनिटं, त्यातली सुई काही सेकंदांची. डोळ्यासमोर एक-दोन काळे बुडबुडे तरंगतात, दुसऱ्या दिवशी जातात. पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग पडला तर घाबरू नका, आठ-दहा दिवसांत जातो.

पण एक ध्यानात ठेवा. नंतरच्या काही दिवसांत डोळा ठणकायला लागला, जास्त लाल झाला, नजर कमी झाली, तर रात्र असो की रविवार असो, त्याच दिवशी दाखवायचं. क्वचित जंतू जातात आणि तेव्हा तासांचा हिशेब असतो. तीन दिवस डोक्यावरून अंघोळ नको, तंबाखूच्या वखारीत जाणं तर नकोच.

दर इंजेक्शननंतर आमचे हे मला पावशेर कुंदा आणतात. साखर नसलेल्यांनी हा उपचार अवश्य करावा.

उसाचा_फड · ९ जानेवारी, रात्री ९:१२

आक्का, नऊ इंजेक्शनं म्हणजे सव्वादोन किलो कुंदा! आमालाबी पत्ता द्या की त्या डॉक्टरचा.

कुंद्याची_गल्ली · ९ जानेवारी, रात्री ९:१५

डॉक्टर नको, तुम्ही घरी या. कुंदा मी देते.

घाटमाथा · १० जानेवारी, सकाळी ७:३०

एवढं सगळं करण्यापेक्षा रक्त पातळ व्हायची गोळी घेतली तर? गुठळीच आहे ना शेवटी. माझ्या मित्राला हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन दिली आहे, ती सुरू करावी असं मला वाटतं.

खानापूरची_लेक · १० जानेवारी, सकाळी ९:००

कृपा करून नको! आईला शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तेही दिलं होतं. बेळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुणी सांगितलं?" आम्ही गप्प. त्या गोळीनं पडद्याची गुठळी सुटते असं दिसलेलं नाही, उलट आधीच रक्त झिरपतंय तिथं ती पातळ करून ठेवते. हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर मनानं बंदही करायची नाही. दोन्हीकडं डॉक्टरांनाच विचारायचं.

घाटमाथा · १० जानेवारी, सकाळी ९:२०

ठीक आहे ताई. चुकलं माझं. बाबांसाठीच म्हणत होतो.

मास्तर_खडकलाट · १० जानेवारी, दुपारी ३:४०

जरा वेगळा मुद्दा मांडतो, पण मला तो मुळाशी वाटतो. आपल्याकडं 'नस' म्हटलं की रक्ताची शीर पण आणि मेंदूकडं जाणारा मज्जातंतू पण. कानडीत 'नर' म्हणतात, तिथंही तोच घोळ. खानापूरच्या ताईंच्या आईंना "नस बंद झाली, काही होत नाही" सांगितलं तेव्हा घरच्यांनी काय समजायचं? काचबिंदूत मज्जातंतूची नस सुकते, सुकलेली खरंच परत येत नाही. पण शीर तुंबली तर करण्यासारखं पुष्कळ आहे. एका शब्दाच्या गोंधळात तीन महिने गेले.

सीमाभागात हे दुप्पट होतं. डॉक्टर कानडी बोलणारे, फाईल इंग्रजीत, पेशंट मराठी, आणि मधे भाषांतर करायला बारावीतला नातू. माझ्या वडिलांबरोबर मी गेलो तेव्हा डॉक्टर "मंजागि काणतद एन" असं विचारत होते आणि वडील मान डोलवत होते. धुकं पडल्यासारखं दिसतं का, एवढाच प्रश्न होता. वडिलांना वाटलं मंजूबद्दल विचारतात, माझ्या बहिणीबद्दल. तेव्हा हसलो, पण घरी येऊन वाईट वाटलं. त्या डॉक्टरांचा दोष नव्हता, फार माणुसकीनं बोलत होते. तुम्ही जाल तेव्हा दोन्ही भाषा येणारं मोठं माणूस बरोबर न्या, आणि "शीर की मज्जातंतू? फांदी की मुख्य? मध्यभागी सूज आहे का?" हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या.

तवंदीघाट · १० जानेवारी, संध्याकाळी ६:५०

मास्तर, तिन्ही लिहून घेतले. आमची वैनी संकेश्वरची आहे, कानडी पाण्यासारखी येते तिला. तीच येतेय बरोबर.

खर्चाचं कुणी सांगेल का? डॉक्टरांनी तीन औषधांची नावं सांगितली, किंमतींत जमीन-अस्मानाचं अंतर. स्वस्त दिलं तर बाबांवर अन्याय होईल का, हेच डोक्यात फिरतंय. तंबाखूचे पैसे अजून यायचेत.

चंदगडी_वारा · १० जानेवारी, रात्री ८:३०

ती तीन म्हणजे बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट असणार. मला पहिलं चालू आहे. ते मुळात कर्करोगाचं औषध, मोठ्या बाटलीतून डोळ्यासाठी थेंबभर काढून देतात, म्हणून स्वस्त. माझ्या डॉक्टरांनी मला दाखवलं की २०१७ मध्ये अमेरिकेत मुख्य शीरवाल्या ३६२ लोकांवर पहिलं आणि तिसरं समोरासमोर ठेवून बघितलं: सहा महिन्यांनी सरासरी १८.६ अक्षरं आणि १८.९ अक्षरं. फरक नाही म्हणा की. त्यामुळं अपराधी वाटून घेऊ नका. फक्त औषध बाटलीतून निर्जंतुक ठिकाणी काढलेलं असावं, एवढी चौकशी करा. रॅनिबिझुमॅबची भारतीय कंपनीची आवृत्ती २०१५ पासून आहे, ती मधल्या किमतीत पडते.

तिघांचं जमलं नाही तर स्टेरॉइडही डोळ्यात देतात, पण त्यानं दाब वाढतो आणि मोतीबिंदू लवकर पिकतो. माझा दाब वाढला होता, म्हणून मला परत दिलं नाही.

निवृत्त_नेत्रसहायक · १० जानेवारी, रात्री ९:१०

चंदगडी यांनी बरोबर सांगितलं. महागड्या औषधाचं एक घेऊन थांबण्यापेक्षा परवडणाऱ्याची सगळी वेळेवर घेतलेली केव्हाही बरी. रेशन कार्ड बघा, आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकच्या खिडकीवर विचारा. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनाही लागू केलेली आहे. यातलं कशात काय बसतं ते भरती होण्याआधीच आरोग्यमित्राकडून विचारून घ्या. आणि गेल्या काही महिन्यांत बाबांना अर्धांगाचा किंवा हृदयाचा झटका येऊन गेला असेल तर तो इंजेक्शनच्या आधी न विसरता सांगा.

वडगावचा_विणकर · ११ जानेवारी, सकाळी १०:००

काल काकांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, "बाबांना सांग, मी पहिली तीन इंजेक्शनं घेतली, बरं वाटलं म्हणून चौथ्याला गेलोच नाही. म्हणून रक्त उतरलं आणि म्हणून ऑपरेशन झालं." हे मला आजवर माहीत नव्हतं. ऑपरेशनमध्ये त्यांच्या डोळ्यात गॅसचा फुगा भरला होता, पडदा चिकटून राहायला. दहा दिवस पालथं पडून, मान खाली. जेवण खाली मान घालून. पुतण्या मुंबईहून म्हणत होता, सांबऱ्यावरून विमानानं इकडं आणा; डॉक्टरांनी ठणकावलं की डोळ्यात गॅस असताना विमान अजिबात नाही, वर गेल्यावर फुगा फुगून डोळा जाईल. "एकदाच काय ते कापा" म्हणणाऱ्यांना त्या दहा दिवसांचं सांगा म्हणाले.

तवंदीघाट · १३ जानेवारी, रात्री ९:२०

काल पहिलं इंजेक्शन झालं. परवा कुंद्याच्या गल्लीतल्या आक्कांचं अन् काल सकाळी विणकरदादांच्या काकांचं, दोन्ही वाचून दाखवलं. बाबा काही बोलले नाहीत, पण गाडीत जाऊन बसले. यल्लम्माच्या यात्रेच्या गर्दीमुळं एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून शेजाऱ्यांची गाडी घेतली. आदल्या तपासणीला हातात पिवळा रंग टोचून पडद्याचे फोटो काढले होते, त्या रात्री बाबा मोरीतून ओरडत आले की लघवी केशरी झाली. वैनीनं सांगितलं रंग आहे, दिवसभरात जातो, तेव्हा झोपले.

मास्तर, तीन प्रश्न विचारले. शीर, फांदी, आणि सूज आहे. डॉक्टर वैनीशी कानडीत आणि बाबांशी मोडक्या मराठीत बोलले. बाबा घरी येऊन म्हणाले, "डॉक्टरला मराठी येत नाही, पण बोलतो चांगला."

मामांना शीथॉटॉमीचं सगळं सांगितलं. तासभर प्रश्न विचारले त्यांनी. शेवटी म्हणाले, "मग दुसऱ्या इंजेक्शनला मी येतो."

निवृत्त_नेत्रसहायक · १४ जानेवारी, सकाळी ७:००

छान झालं. सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घ्या. आता घरी एक करा. गणिताची चौकड्यांची वही घ्या, मधे पेनानं ठिपका काढा. चष्मा लावून, एक डोळा झाकून, रोज सकाळी त्या ठिपक्याकडं बघायचं. रेघा वाकड्या, पुसट, तुटक दिसतात का ते तारखेसह त्याच पानावर आखून ठेवायचं. दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं. डावा डोळाही त्याच बीपीचा आहे.

तवंदीघाट · २० मार्च, रात्री ८:४०

बरेच दिवसांनी लिहितोय. तीन झाली. स्कॅनवर मधली सूज जवळजवळ उतरली. तक्त्यावर बाबा आधी दुसऱ्या ओळीला अडायचे, आता पाचवी वाचतात. खालच्या बाजूचा एक पट्टा अजून धुरकटच आहे आणि डॉक्टर म्हणाले तो तसाच राहील बहुतेक. बाबांनी ते शांतपणे ऐकलं. पायरी उतरताना मान जरा जास्त वाकवतात. बीपी १३० वर ८०.

डॉक्टर आता अंतर वाढवणार आहेत, पुढचं सहा आठवड्यांनी. बरं वाटलं म्हणून सोडणार नाही, विणकरदादा, काकांना सांगा.

वहीची अठ्ठावन पानं भरली.

नवीन_सदस्य_गडहिंग्लज · २१ मार्च, सकाळी १०:१५

नमस्कार, हा धागा शोधताना सापडला. माझ्या सासूबाईंना काल दुपारपासून एका डोळ्यानं सगळंच अंधुक दिसतंय, दुखत नाही. वय ७०, बीपी आहे. त्या म्हणतात पाडवा झाल्यावर जाऊ. थांबलं तर चालेल का?

खानापूरची_लेक · २१ मार्च, सकाळी १०:१९

नाही, आजच निघा. दुखत नाही म्हणून थांबू नका, आईलाही सुरुवातीला दुखलं नव्हतं. शीरच आहे की दुसरं काही, ते पडदा बघितल्याशिवाय कळत नाही, आणि दुसरं असलं तर तासांचाही फरक पडतो.

नवीन_सदस्य_गडहिंग्लज · २१ मार्च, सकाळी १०:२६

निघतो. कोल्हापूर की बेळगाव?

निवृत्त_नेत्रसहायक · २१ मार्च, सकाळी १०:२८

पडद्याचे डॉक्टर आज जिथं बसलेत तिथं. आधी दोन्हीकडं फोन करा. जाता जाता बीपी मोजून घ्या, चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा, आणि गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवायला सांगा म्हणजे तुम्ही त्यांच्याशेजारी बसाल.